अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज: आधी दिवस मोजा, मग फॉर्म उघडा

ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली की बहुतेक जण थेट नागरिकत्वाच्या अर्जाचा एन-४०० फॉर्म उघडतात, शुल्क भरतात आणि नागरिकशास्त्राचे प्रश्न घोकायला बसतात. अर्ज अडकतो तो मात्र क्वचितच त्या प्रश्नांवर. तो अडकतो भारतात काढलेल्या सात महिन्यांवर, मोटार वाहन कार्यालयात न वाचता केलेल्या एका खुणेवर, किंवा लग्नाआधीचं नाव लिहायचं राहिल्यावर. म्हणून इथे परीक्षेची तयारी पाचव्या टप्प्यावर आहे. पहिले तीन टप्पे फॉर्मला हात लावण्याआधीचे आहेत आणि तेच सगळ्यात महत्त्वाचे आहेत.

हा क्रम १८ वर्षांवरच्या ग्रीन कार्डधारकासाठी आहे. शुल्क आणि फॉर्मची आवृत्ती बदलत असते. ज्या दिवशी अर्ज पाठवाल, त्या दिवशी यूएससीआयएसच्या (अर्ज हाताळणाऱ्या अमेरिकन इमिग्रेशन खात्याच्या) संकेतस्थळावर दोन्ही पुन्हा पाहा.

टप्पा १: अर्जाची तारीख काढा

ग्रीन कार्डावर "रेसिडेंट सिन्स" या शब्दांपुढे एक तारीख छापलेली असते. मोजायला सुरुवात तिथून करायची. कार्ड हातात पडल्याची किंवा त्यावरची मुदत संपण्याची तारीख इथे कामाची नाही.

सर्वसाधारण नियम पाच वर्षांचा आहे. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तर तीन वर्षं पुरतात. मात्र त्या तिन्ही वर्षांत जोडीदार नागरिक असायला हवा, लग्न टिकलेलं हवं आणि दोघं एकत्र राहत असायला हवेत.

मुदत पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधी अर्ज करता येतो. उदाहरणार्थ, कार्डावर १५ मार्च २०२१ असेल तर पाच वर्षं १५ मार्च २०२६ ला पूर्ण होतात, आणि त्याआधी ९० दिवस म्हणजे १५ डिसेंबर २०२५. "तीन महिने आधी" असा ढोबळ हिशोब करू नका. इथे तो जुळला, पण एरवी एकतीस दिवसांच्या महिन्यांमुळे एक-दोन दिवस चुकतात, आणि एक दिवस आधी केलेला अर्जही नामंजूर होतो. यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर ही तारीख काढून देणारं गणकयंत्र आहे. ते वापरा आणि वर दोन-तीन दिवस जास्त सोडा.

सावधान: ९० दिवसांची सवलत वास्तव्याच्या मुदतीपुरती आहे, लग्नाच्या मुदतीला ती लागू नाही. तीन वर्षांच्या मार्गाने जाणाऱ्याच्या नागरिक जोडीदारासोबतच्या सहजीवनाला अर्जाच्या दिवशी पूर्ण तीन वर्षं झालेली हवीत.

तपासा: ज्या राज्यातून अर्ज करताय तिथे, किंवा यूएससीआयएसच्या त्या जिल्ह्यात, अर्जाआधी तीन महिने राहणं झालंय का? नोकरीसाठी न्यू जर्सीतून टेक्सासला नुकतेच हललेले लोक इथे चुकतात. लग्नामुळे मिळालेलं दोन वर्षांचं सशर्त कार्ड असेल, तर अटी काढण्याचा आय-७५१ अर्ज मंजूर झाल्याशिवाय एन-४०० मंजूर होत नाही, हेही लक्षात ठेवा.

टप्पा २: देशाबाहेरचे दिवस मोजा

या टप्प्याला एक अख्खी संध्याकाळ द्या. सगळे पासपोर्ट काढा, जुने आणि रद्द झालेलेही. विमान तिकिटांचे ईमेल शोधा. सरकारच्या आय-९४ (देशात आल्या-गेल्याच्या नोंदी) संकेतस्थळावरून प्रवासाचा इतिहास उतरवून घ्या, पण त्यावरच विसंबू नका, त्यात नोंदी सुटलेल्या असतात. मग एका कागदावर तीन रकाने आखा: निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, बाहेरचे पूर्ण दिवस. निघण्याचा आणि परतण्याचा, हे दोन्ही दिवस अमेरिकेत काढलेले धरले जातात.

आता या तक्त्याला दोन वेगवेगळे प्रश्न विचारायचे आहेत. लोक या दोहोंची गल्लत करतात, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिला प्रश्न प्रत्यक्ष हजेरीचा. पाच वर्षांच्या मार्गात किमान ३० महिने, म्हणजे ९१३ दिवस, अमेरिकेच्या भूमीवर काढलेले हवेत. तीन वर्षांच्या मार्गात १८ महिने, म्हणजे ५४८ दिवस. ही निव्वळ बेरीज आहे.

दुसरा प्रश्न सलग वास्तव्याचा. इथे बेरीज चालत नाही, एकेका प्रवासाची लांबी पाहतात. एकच प्रवास १८० दिवसांपेक्षा लांबला, पण वर्षाच्या आत संपला, तर वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात. ते गृहीतक खोडून काढायची जबाबदारी अर्जदारावर येते. एकच प्रवास वर्षभराचा किंवा त्याहून लांब झाला, तर वास्तव्य तुटलंच.

आपल्याकडे याचा फटका सगळ्यात जास्त बसतो तो आई-बाबांना. गणपतीला पुण्याला किंवा साताऱ्याला गेलेले आई-बाबा पाडवा करूनच परततात. भाद्रपदातून चैत्रात, म्हणजे सहा महिने ओलांडले. घरच्यांना वाटतं, वर्षाच्या आत आले, ग्रीन कार्ड शाबूत आहे. कार्ड शाबूत असेलही, पण नागरिकत्वाचं घड्याळ कदाचित पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेलं असतं. परवानगी काढून गेलो होतो, म्हणजे री-एंट्री परमिट होतं, हेही उत्तर पुरत नाही. त्या परमिटाने कार्ड वाचतं, सलग वास्तव्य वाचत नाही.

सहा महिने ओलांडलेच असतील तर हे पुरावे गोळा करा: त्या काळात अमेरिकेतली नोकरी चालू होती आणि परदेशात नोकरी धरली नव्हती, जवळचं कुटुंब अमेरिकेतच होतं, अमेरिकेतलं घर किंवा भाडेकरार चालू होता. आजारपणामुळे थांबावं लागलं असेल तर रुग्णालयाची कागदपत्रंही ठेवा. मात्र सहानुभूतीपेक्षा अमेरिकेतलं बिऱ्हाड चालू होतं हे दाखवणारी कागदपत्रं जास्त उपयोगी पडतात.

वर्ष ओलांडलं असेल, तर परतल्यापासून चार वर्षं आणि एक दिवस झाल्यावर अर्ज करता येतो (तीन वर्षांच्या मार्गात दोन वर्षं आणि एक दिवस). तरीही मागच्या पाच वर्षांत त्या गैरहजेरीचा सहा महिन्यांहून लांब तुकडा उरतोच, म्हणजे गृहीतक खोडावं लागतंच. तो वादच नको असेल तर चार वर्षं सहा महिने थांबा. थांबणं जिवावर येतं हे कबूल, पण नामंजूर अर्जाचे पैसे परत मिळत नाहीत.

सावधान: "प्रत्येक वेळी साडेपाच महिन्यांनी परत यायचं" ही युक्ती फसवी आहे. साडेपाच महिने भारतात, तीन आठवडे मुलाकडे, पुन्हा साडेपाच महिने भारतात. असा तक्ता पाहिला की ऑफिसर नागरिकत्वाचा विचार बाजूला ठेवून ग्रीन कार्डावरच बोट ठेवू शकतो: तुमचं घर नेमकं आहे कुठे?

टप्पा ३: जे विसरायला आवडेल ते आधी आठवा

मागच्या पाच (किंवा तीन) वर्षांत चारित्र्य चांगलं असणं ही कायद्याची अट आहे, आणि ऑफिसर त्याआधीचंही पाहू शकतो. ऑगस्ट २०२५ पासून यूएससीआयएसने ही तपासणी अधिक कडक केली आहे. गुन्हा नसणं एवढ्यावर न थांबता अर्जदाराची एकूण वागणूक, कुटुंबाची जबाबदारी, कर आणि समाजातलं योगदानही तोलायला सांगितलं आहे. एन-४०० पाठवणं म्हणजे आपली सगळी फाइल सरकारपुढे स्वतः उघडणं. म्हणून पुढच्या गोष्टी फॉर्मआधी तपासा.

*मतदार नोंदणी.* वाहन परवाना काढताना किंवा नूतनीकरण करताना "मतदार म्हणून नोंदणी करायची का?" असं विचारतात आणि घाईत होकार दिला जातो. ग्रीन कार्डधारकाने मी नागरिक आहे असं सांगणं किंवा मतदान करणं हे देशाबाहेर काढण्याचं कारण ठरू शकतं. आपल्या राज्याच्या निवडणूक संकेतस्थळावर आपलं नाव शोधा. ते सापडलं तर अर्ज पाठवू नका. नुसतं नाव काढून टाकून गप्पही बसू नका. आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. ज्युरी ड्यूटीचं पत्र (न्यायालयात पंच म्हणून बसण्याचं बोलावणं) आलं असताना "मी नागरिक आहे" या रकान्यात खूण केली असेल, तर तेही सांगा.

*अटक, खटले, दंड.* फॉर्ममधल्या "कधीतरी" (एव्हर) या शब्दाचा अर्थ जन्मापासून आजपर्यंत, कुठल्याही देशात. भारतातला एफआयआर, कौटुंबिक तक्रार, जमिनीच्या भांडणातला फौजदारी खटला, आंदोलनात झालेली अटक, सगळं यात येतं. निर्दोष सुटलात तरी, आणि अमेरिकेत नोंद पुसली गेली असली तरी, सांगायचंच. प्रत्येक प्रकरणाच्या अंतिम निकालाची प्रमाणित प्रत न्यायालयातून काढा. भारतातून ती यायला महिने लागतात, म्हणून हे काम आज सुरू करा. मुदतीच्या काळात दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोनदा शिक्षा झाली असेल, तर चारित्र्याची अट पूर्ण होत नाही असंच गृहीत धरतात.

*गांजा.* राज्यात कायदेशीर असला तरी संघराज्याच्या कायद्यात तो बेकायदाच आहे, आणि नागरिकत्व देतं ते संघराज्य. सेवन केलं असेल, किंवा त्या उद्योगात नोकरी वा गुंतवणूक असेल, तर वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

*कर.* प्रत्येक वर्षाचं विवरणपत्र भरलंय का? पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, बँकेतल्या मुदत ठेवींचं व्याज त्यात दाखवलंय का? ग्रीन कार्ड मिळाल्यावरही एखाद्या वर्षी अनिवासी म्हणून विवरणपत्र भरलं असेल, तर आपण इथले कायमचे रहिवासी नाही असं आपणच लिहून दिलंय, असा त्याचा अर्थ लावला जातो. कर थकला असेल तर आयआरएसशी (अमेरिकेच्या कर खात्याशी) हप्त्यांचा करार करा, हप्ते वेळेवर भरा आणि पावत्या ठेवा. थकबाकी असूनही अर्ज मंजूर होऊ शकतो. लपवली तर मात्र प्रश्न खोटेपणाचा होतो.

*सिलेक्टिव्ह सर्व्हिस.* १८ ते २६ या वयात ग्रीन कार्डावर अमेरिकेत राहिलेल्या पुरुषांनी या लष्करी सेवेच्या यादीत नोंदणी केलेली असावी लागते. त्या वयात विद्यार्थी किंवा एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावर कायदेशीर राहत होता आणि कार्ड २६ नंतर मिळालं, तर नोंदणीची गरज नव्हती, पण त्याचा पुरावा जवळ ठेवा. लहानपणी आई-वडिलांबरोबर कार्ड मिळालेल्या मुलांचं हे हमखास राहून जातं. २६ व्हायचे असाल तर आजच नोंदणी करा. २६ ते ३१ च्या मधले असाल तर जाणूनबुजून टाळलं नव्हतं हे पटवून द्यावं लागतं.

तपासा: यातलं काही लागू असेल तर वकील, किंवा न्याय खात्याची मान्यता असलेल्या सेवाभावी संस्थेतला प्रतिनिधी गाठा. ओळखीचे एजंट किंवा "मी अनेकांचे फॉर्म भरलेत" म्हणणारे गृहस्थ इथे कामाचे नाहीत. चूक त्यांनी केली तरी सही तुमची असते.

टप्पा ४: कागद आणि फॉर्म

ऑनलाइन अर्जाचं शुल्क ७१० डॉलर, कागदी अर्जाचं ७६० डॉलर. कौटुंबिक उत्पन्न गरिबीरेषेच्या संघीय मर्यादेच्या ४०० टक्के किंवा कमी असेल तर ३८० डॉलर. उत्पन्न फारच कमी असेल तर आय-९१२ फॉर्मवर पूर्ण माफी मागता येते. ज्यांना जमेल त्यांनी ऑनलाइनच करावं. तिथे रकाना रिकामा सुटला तर लगेच कळतं, आणि पत्रं खात्यात दिसत राहतात.

नावाचा रकाना मराठी माणसाला सगळ्यात जास्त छळतो. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव ही आपली रीत. पासपोर्टात पहिली दोन नावं एकत्र येतात, ग्रीन कार्डावर कधी मधलं नाव गळतं, कधी परवान्यावर नुसतं अक्षर उरतं. नियम सोपा ठेवा. आजचं कायदेशीर नाव जसंच्या तसं लिहा, आणि "वापरलेली इतर नावं" या रकान्यात बाकीचे सगळे अवतार लिहा. लग्नाआधीचं पूर्ण नाव, लग्नात बदललेलं पहिलं नाव, वडिलांचं नाव मध्ये असलेलं आणि नवऱ्याचं नाव मध्ये असलेलं रूप, शाळेच्या दाखल्यावरचं वेगळं स्पेलिंग. लग्नात माहेरचं नाव बदललं असेल आणि ते कुठे सांगितलंच नसेल, तर बोटांच्या ठशांच्या तपासणीत ते दुसऱ्याच बाईचं नाव वाटतं आणि फाइल थांबते. राजपत्रात नाव बदललं असेल तर त्या राजपत्राची प्रत जोडा.

याच अर्जात नवं नाव मागता येतं. मधलं नाव काढून टाकायची किंवा माहेरचं आडनाव परत घ्यायची ही स्वस्तातली संधी आहे. मात्र त्यासाठी शपथविधी न्यायालयात व्हावा लागतो, आणि काही ठिकाणी त्याला जास्त वेळ लागतो.

बाकी रकान्यांत मुख्य चूक एकच: फटी. पाच वर्षांचे पत्ते आणि पाच वर्षांची नोकरी-शिक्षण यांत एकही महिना रिकामा ठेवू नका. काम नव्हतं तर "बेरोजगार" किंवा "गृहिणी" असं लिहा. २४ तासांहून लांब प्रत्येक प्रवास लिहा, मेक्सिकोचा क्रूझ आणि कॅनडातून पाहिलेला नायगरासुद्धा. टप्पा २ चा तक्ता इथे उतरवायचा.

होय-नाही प्रश्नांची लांब यादी येते तिथे थांबत थांबत वाचा. सगळीकडे सरसकट "नाही"वर खूण करणं हा मोठा धोका आहे. भारतात लष्कर, पोलीस किंवा होमगार्डमध्ये काम केलं असेल, तर त्या प्रश्नाचं उत्तर "होय" आहे. कम्युनिस्ट पक्षाचं सभासदत्व कधीही घेतलं असेल, तर तिथेही "होय", सोबत तारखांसह खुलासा. मागच्या दहा वर्षांतलं सभासदत्व कायद्याने आड येऊ शकतं, म्हणून आधी सल्ला घ्या.

मराठी कागदांना, म्हणजे ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, विवाह नोंदणी, न्यायालयाचा निकाल यांना संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतरकाराने भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचं आणि दोन्ही भाषा आपल्याला येत असल्याचं लिहून सही करायची. सारांश चालत नाही. शिक्क्यातला आणि समासातला मजकूरही भाषांतरात यायला हवा.

तपासा: पाठवण्याआधी पूर्ण अर्जाची एक प्रत छापून ठेवा. मुलाखतीत ऑफिसर हाच कागद ओळीओळीने विचारणार आहे.

टप्पा ५: परीक्षेची तयारी

२० ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर अर्ज केला असेल तर नवी परीक्षा: १२८ प्रश्नांच्या यादीतून २० पर्यंत प्रश्न, १२ बरोबर हवेत. बारा बरोबर आले किंवा नऊ चुकले की ऑफिसर थांबतो. त्याआधी अर्ज केला असेल तर जुनी परीक्षा: १०० पैकी १० प्रश्न, ६ बरोबर. कुठली परीक्षा हे अर्जाच्या तारखेवर ठरतं, मुलाखतीच्या नाही. इंटरनेटवर दोन्ही याद्या फिरतात, आणि चुकीची यादी पाठ करून जाणारे बरेच असतात.

परीक्षा तोंडी असते, पर्याय दिलेले नसतात. खुणा करायच्या ॲपवर सराव करून गेलेला माणूस पर्याय नसले की अडखळतो. म्हणून घरातल्या कुणालातरी इंग्रजीत प्रश्न वाचायला सांगा, क्रम उलटापालटा करून, आणि मोठ्याने उत्तर द्या. काही उत्तरं बदलतात: तुमच्या राज्याचे सिनेटर, तुमचा प्रतिनिधी, राज्यपाल, सभागृहाचे सभापती. ती मुलाखतीच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा.

हक्कांवरचे प्रश्न नुसते पाठ करू नका, समजून घ्या. पहिल्या घटनादुरुस्तीत पाच स्वातंत्र्यं आहेत: भाषण, धर्म, वृत्तपत्र, शांततेने एकत्र जमणं आणि सरकारकडे दाद मागणं. ती नागरिकांपुरती नाहीत, ग्रीन कार्डावर असतानाही लागू होती. संघीय निवडणुकीत मतदान करणं आणि संघीय पदासाठी उभं राहणं मात्र फक्त नागरिकाला. "सगळ्यांचे हक्क" आणि "फक्त नागरिकांचे हक्क" हे प्रश्न वेगवेगळे आहेत, आणि लोक एकाचं उत्तर दुसऱ्याला देतात.

इंग्रजीचा भाग असा: तीनपैकी एक वाक्य वाचायचं, तीनपैकी एक ऐकून लिहायचं. बोलण्याची परीक्षा वेगळी होत नाही, मुलाखतच ती परीक्षा. एखादं स्पेलिंग चुकलं तरी चालतं, शब्दाचं संक्षिप्त रूप लिहिलेलं चालत नाही. खरी अडचण फॉर्ममधल्या शब्दांची असते. शपथ, निष्ठा, छळ, हद्दपारी, जुगार यांचे इंग्रजी शब्द ऐकून अर्थ सांगता आला पाहिजे, कारण ऑफिसर "याचा अर्थ काय?" असं विचारू शकतो.

आई-बाबांसाठी तीन सवलती आहेत. वय आणि ग्रीन कार्डाची वर्षं अर्जाच्या दिवशी मोजतात:

- वय ५० आणि कार्डाला २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं: इंग्रजीची परीक्षा नाही. नागरिकशास्त्राचे प्रश्न मराठीत.
- वय ६५ आणि २० वर्षं: वरचं सगळं, शिवाय फक्त २० प्रश्नांची छोटी यादी. १० विचारतात, ६ बरोबर हवेत.

दुभाषा आपणच न्यायचा. नातेवाईक चालेलच असं धरू नका, ऑफिसर नकार देऊ शकतो. दुभाष्याने उत्तर सुचवायचं नसतं, सांगितलेलं तेवढंच इंग्रजीत आणायचं. लेकीने आईच्या वतीने "ती तसं म्हणत नाहीये, तिला असं म्हणायचंय" सुरू केलं की मुलाखत बिघडते.

स्मृतिभ्रंश, पक्षाघात अशा कारणांनी शिकणंच शक्य नसेल तर एन-६४८ हे वैद्यकीय प्रमाणपत्र आहे. ते अमेरिकेत परवाना असलेल्या डॉक्टरने किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनेच भरावं लागतं. भारतातल्या डॉक्टरचं चालत नाही. "वय झालंय, लक्षात राहत नाही" एवढं लिहिलं तर ते परत येतं. आजाराचं निदान आणि त्यामुळे शिकणं नेमकं का अशक्य होतं, हा दुवा डॉक्टरने लिहायला हवा.

टप्पा ६: अर्ज आणि मुलाखतीमधला काळ

बोटांचे ठसे देण्याची तारीख चुकवू नका. काहींचे जुने ठसेच वापरतात, मग पत्रात तसं कळवतात. घर बदललं तर १० दिवसांत पत्ता कळवा. टपाल खात्याला सांगणं म्हणजे यूएससीआयएसला सांगणं नव्हे. प्रवास करता येतो, पण सलग वास्तव्याची अट शपथेपर्यंत चालू असते, म्हणून अर्ज टाकून सहा महिने गावी जाऊ नका. या काळात वेगमर्यादेचा दंड झाला तरी लिहून ठेवा, मुलाखतीत सांगायचाय.

टप्पा ७: मुलाखत

बरोबर न्या: बोलावणं, ग्रीन कार्ड, सगळे पासपोर्ट, राज्याचं ओळखपत्र, करांचे ट्रान्सक्रिप्ट (आयआरएसकडच्या नोंदींचा उतारा), प्रवासाचा तक्ता, खटल्यांच्या प्रमाणित प्रती. तीन वर्षांच्या मार्गात विवाह प्रमाणपत्र, जोडीदाराच्या नागरिकत्वाचा पुरावा आणि एकत्र संसाराचे कागदही.

सत्य सांगण्याची शपथ आधी देतात. मग अर्जातले प्रश्न. मान हलवून उत्तर देऊ नका. आपल्या "हो"ची डोलणारी मान तिथे "नाही" वाटते, म्हणून प्रत्येक वेळी तोंडाने "येस" किंवा "नो" म्हणा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, त्याचे गुण कापत नाहीत. न कळता "येस" म्हणणं मात्र महागात पडतं. अर्जात काही चुकलं असेल तर ऑफिसरला सापडण्याआधी आपणच सुरुवातीला सांगा.

शेवटी एन-६५२ कागद मिळतो. त्यावर मंजुरीची शिफारस, पुढे ढकललं, किंवा नामंजूर असं असतं. परीक्षेत नापास झालात तर ६० ते ९० दिवसांत दुसरी संधी मिळते, आणि फक्त नापास झालेला भाग द्यावा लागतो. कागद मागितले असतील तर दिलेल्या मुदतीच्या आत पोचले पाहिजेत. नामंजूर झालं तर ३० दिवसांत एन-३३६ फॉर्मवर फेरसुनावणी मागता येते. मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णयच आला नाही, तर संघीय जिल्हा न्यायालयात जाण्याचा हक्क कायद्याने दिला आहे.

सावधान: मुलाखत पास झाली म्हणजे नागरिक झालात असं नाही. मतदार नोंदणी आत्ता नाही.

टप्पा ८: शपथ

नागरिकत्व शपथेच्या क्षणी मिळतं. एन-४४५ पत्रामागचे प्रश्न त्याच दिवशी भरा: मुलाखतीनंतर प्रवास, दंड, लग्न, घटस्फोट. ग्रीन कार्ड तिथे परत करायचं. प्रमाणपत्र हातात येताच, सभागृह सोडण्याआधी, नाव, जन्मतारीख आणि पूर्वीचा देश वाचा. फोटो काढण्याच्या गडबडीत हे राहतं, आणि चूक घरी जाऊन दिसली तर दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज करत बसावं लागतं.

मुलांचं काय? १८ वर्षांखालचं, ग्रीन कार्डावर अमेरिकेत राहणारं आणि तुमच्या ताब्यात असलेलं मूल तुमच्या शपथेबरोबर आपोआप नागरिक होतं. त्याला एन-४०० लागत नाही. शपथेआधी त्याला १८ पूर्ण झाली, तर मात्र त्याला स्वतंत्र अर्ज करावा लागतो. मूल सतरा वर्षांचं असेल तर आपल्या अर्जाची तारीख त्यावरून ठरवा.

टप्पा ९: भारताच्या बाजूची कामं

भारताच्या नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही, शपथ झाली की ते संपलं. त्या दिवसापासून भारतीय पासपोर्टावर प्रवास करणं गुन्हा आहे, त्यावर पाच वर्षांची मुदत उरली असली तरी.

क्रम असा ठेवा: आधी अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर प्रमाणपत्र, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड). अमेरिकन पासपोर्टाच्या अर्जासोबत नागरिकत्वाचं मूळ प्रमाणपत्र पाठवावं लागतं, ते नंतर परत येतं. तोवर कुठेही परदेशी जाता येत नाही. म्हणून शपथेच्या पुढच्या आठवड्यात घरचं लग्न असेल, तर शपथविधीची तारीख बदलून मागणं शहाणपणाचं, कारण अमेरिकन पासपोर्ट हाती आला तरी भारतात उतरायला व्हिसा किंवा ओसीआय लागेल.

शेती असणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: ओसीआयवर शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली जमीन ठेवता येते. सातबाऱ्यावर नाव लावायचं राहिलं असेल तर ते निस्तरा. गावच्या मतदार यादीतलं नावही काढून घ्या.

मग अमेरिकेतली मतदार नोंदणी. ती बऱ्याचदा शपथविधीच्या ठिकाणीच करता येते. सोशल सिक्युरिटी कार्यालयात नागरिकत्वाची नोंद झाली आहे का ते पाहा, नाहीतर नोकरीच्या आणि परवान्याच्या तपासणीत जुनीच स्थिती दिसत राहते. यापुढे ज्युरीचं पत्र आलं तर "नागरिक नाही" ही सबब उरलेली नसते. दिलेल्या तारखेला न्यायालयात हजर राहायचं.